सासऱ्यांच्या गाडीतली वायर

२७ डिसेंबर

नाताळचं उरलेलं आज दुपारी संपवत होतो, तेवढ्यात सासूबाईंनी जाहीर केलं की डायलिसिसला त्या जानेवारी संपेपर्यंत जातील, त्यानंतर नाही. आंबवलेली कोबी पुढे सरकवावी इतक्या सहज बोलल्या. माझ्या बायकोचा, नेवेनाचा, चमचा हवेतच राहिला.

कारण विचारलं तर म्हणे थंडी. आठवड्यातून तीन दिवस, मंगळ, गुरु, शनि, आमच्या सेव्लिएवोहून गाब्रोवोच्या डायलिसिस केंद्रात जायचं, चार तास त्या यंत्राला जोडून पडायचं आणि परत त्या गाडीतून यायचं. "ती गाडी म्हणजे बर्फाची पेटी आहे," त्या म्हणाल्या. "माणसानं बसायची जागा नाही ती." बोलताना बघत होत्या सासऱ्यांकडे. सासरे खोकत होते. ते महिनाभर खोकताहेत, आता घरात कुणाला ऐकूही येत नाही. रुग्णांना न्यायला केंद्राची व्हॅन येते, पण ती पाच गावं फिरत येते आणि त्यात सासूबाईंना उलट्या होतात. तो मार्ग कधीच बंद झालाय.

डॉक्टरांनी नेवेनाला मागेच सांगून ठेवलंय की यंत्र थांबलं तर दोन-तीन आठवडे, फार तर. भांडी घासताना ती रडली आणि मला म्हणाली, काहीतरी कर, यावोर. मी काय करू? मी गावातल्या लोकांचे केस कापतो.

या डायरीचं म्हणाल तर बँकेनं फुकट दिली म्हणून लिहितोय. घरात बोलायची सोय नाही, निदान इथे तरी बोलू.

२९ डिसेंबर

मला सुचलंय. माझ्या गिऱ्हाइकांपैकी गांचोच्या टॅक्सीत सीट गरम करायच्या गाद्या आहेत. पातळ असतात, एक बुडाखाली, एक पाठीला. एक वायर, एक बटण, संपलं. सासूबाईंना थंडी हीच अडचण असेल तर अडचणच उरत नाही. नेवेनाला सांगितलं, तिनं चक्क माझ्या गालाचा मुका घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तो मुका एका वायरीसाठी मिळावा, असो.

मग सासऱ्यांकडे गेलो. मिन्को म्हणजे आमचे सासरे गाडीच्या बाबतीत माणसात नसतात. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत नाव नोंदवून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर त्यांना ती मिळाली. कारखान्यातून येताना सीटवर जे प्लास्टिक होतं ते आजही तसंच आहे. रोज संध्याकाळी ते वायपर काढून घरात आणतात आणि कपाटात काचेच्या पेल्यांशेजारी ठेवतात, कारण चाळीस वर्षांपूर्वी वायपर चोरीला जायचे. दुसऱ्या कुणाला ती गाडी चालवू देत नाहीत. या घरात मुलगा ती गाडी आहे, आणि मी घरजावई.

माझं सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाले, "बसवा की जावईबापू. पण भोक पाडायचं नाही. प्लास्टिक कापायचं नाही. आणि वायर दिसता कामा नये. कुठंच."

मी म्हटलं, बाबा, थोडी तरी दिसणारच. ते म्हणाले की मग राहू द्या. स्वतःच्या बायकोच्या जिवापेक्षा याला गाडीचं प्लास्टिक मोठं, असं मी मनात म्हटलं आणि इथे लिहिलं.

३ जानेवारी

दुकानात माझ्या खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस गाडीच्या वायरिंगमधला तज्ज्ञ निघतो. डोक्याला साबण लावलेला मास्तर म्हणाला की वायर छतातून ने. तेल काढायच्या घाण्याचा मालक म्हणाला की छतातून नेलीस तर तू गाढव आहेस. दोघांची माझ्या कात्रीखालीच जुंपली.

गांचोचं मात्र ऐकण्यासारखं होतं, कारण तो टॅक्सी चालवण्याआधी गाड्यांची विजेची कामं करायचा. डावीकडे स्टिअरिंगखाली फ्यूजची पेटी आहे, तिथून वीज घ्यायची. डॅशबोर्डच्या पाठीमागून वायर उजवीकडे न्यायची, पाय ठेवतो तिथल्या बाजूच्या पत्र्याआडून खाली उतरवायची, दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी उचलून तिच्याखाली दडपायची, तिथून गालिच्याखालून सीटपर्यंत. बटण डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला, हातानं चाचपलं तरच लागेल असं. आणि वीज घ्यायची ती चावीवरची, म्हणजे चावी काढली की गादी बंद. "अर्ध्या दिवसाचं काम," तो म्हणाला. गाद्या आणल्या, वायर आणली. मला उगाचच हुरूप आलाय.

५ जानेवारी

अर्ध्या दिवसाचं काम म्हणे.

गॅरेजमध्ये इतकी थंडी की प्लास्टिकच्या पट्ट्या काचेसारख्या झालेल्या. पेचकसानं उचललं तर ओरखडा पडेल म्हणून दुकानातला जाड कंगवा आणला आणि त्याचे दात आत घालून पट्टी हळूहळू सोडवली. कंगव्याचे चार दात गेले, पण पट्टी आली. पुढच्या पट्टीची एक क्लिप तुटली. टक्कन आवाज झाला. सासरे अंगणात लाकडं रचत होते, तिथून त्यांनी विचारलं, किती? मी म्हटलं, एक. आत आले, दोन्ही तुकडे उचलून खिशात घातले आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डॅशबोर्डच्या पाठीमागे हात जात नाही. कपड्याचा हँगर सरळ करून त्याच्या टोकाला वायर बांधली आणि अंदाजानं ढकलली. पहिल्यांदा ती हीटरच्या नळीतून बाहेर आली. दुसऱ्यांदा आलीच नाही. तिसऱ्यांदा हँगर आत अडकला आणि तो काढता काढता माझ्या बोटाचं साल गेलं. मी गाडीच्या तळाशी उताणा, पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च. शेजारीण कुंपणावरून विचारते, मिन्को, तुमच्या जावयाचं काय हरवलंय? सासरे म्हणाले, अक्कल.

सगळ्यात वैताग त्या सीटच्या प्लास्टिकचा. कापायचं नाही म्हणजे मागच्या फटीतून गादी आत सरकवायची, आणि ती मध्येच दुमडते. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत गॅरेजमध्ये आल्या. हातात बनित्साचे पापुद्रे लाटायचं ते लांब, बारीक लाटणं. कुणी मागितलं नव्हतं. "यानं ढकल," म्हणाल्या, आणि थंडीत तिथेच उभ्या राहिल्या, गादी पार पुढच्या शिवणीपर्यंत पोचेस्तोवर. मी म्हटलं, आत जा, गारठाल. म्हणाल्या, मला काही होत नाही.

बटण बसवायचं राहिलं. उद्या सण आहे, परवा बसवू. वायरीची टोकं तशीच लोंबताहेत. चिकटपट्टी लावली होती, पण थंडीत ती चिकटतच नाही.

६ जानेवारी

आज योर्दानचा, पाण्याला आशीर्वाद द्यायचा सण. नदीत क्रूस टाकला, पोरांनी उड्या मारल्या, सगळं नेहमीसारखं. दुपारी पाद्री एवतिमी तीर्थाचं तांब्याचं भांडं आणि तुळशीची जुडी घेऊन आळीतून फिरत होते. घर शिंपडून झालं. मग सासऱ्यांना हुक्की आली. म्हणाले, गाडीतही शिंपडा, माझी दोन्का तिच्यातूनच जाते-येते.

मी आत पाद्रीबुवांसाठी राकिया, म्हणजे घरची फळांची दारू, ओतत होतो. मला कुणी विचारलं नाही. मी कामासाठी सोडवलेली बॅटरी सासऱ्यांनी उद्याच्या फेरीसाठी परत जोडून चावी फिरवून तशीच ठेवली होती, तेही मला कुणी सांगितलं नाही. चारही दारं सताड उघडून ते टोपी काढून उभे राहिले. पाद्रीबुवा कधी हात आखडता घेत नाहीत. ओलीगच्च जुडी घेऊन डॅशबोर्डखाली वाकले आणि जुडीनं माझ्या वायरीची उघडी टोकं सरळ पत्र्याला टेकवली.

मी खिडकीतून फक्त ठिणगी पाहिली. मग जळकट वास. पाद्रीबुवा दोन पावलं मागे आले, क्रूसाची खूण केली आणि शांतपणे म्हणाले, "जे काय होतं ते निघालं."

फ्यूज गेला तो गेलाच, त्याच्याबरोबर भोंगा आणि डॅशबोर्डचे दिवे गेले. डॅशबोर्डच्या पाठीमागे हातभर वायर वितळली. काल केलेलं सगळं पुन्हा उपसायचं. सासऱ्यांनी टोपी घातली आणि दारं एकेक करून लावली. सासूबाईंनी मात्र पाद्रीबुवांना विचारलं, आता हे पवित्र झालं की नाही? हो म्हणाले. तेवढं तरी पदरात पडलं.

९ जानेवारी

आज दुकान बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर गाब्रोवोला गेलो. हिशेब असा की सासूबाई चार तास आत, गाडी रिकामी उभी, तेवढ्यात काम उरकता येईल. सासऱ्यांच्या डोक्यात हा हिशेब बसला नाही.

सासूबाई आत गेल्याबरोबर ते स्टिअरिंगवरून उतरले आणि पलीकडे सासूबाईंच्या सीटवर जाऊन बसले. नेमकं मला जिथे काम करायचंय तिथे. गुडघ्यांवर घोंगडी, दोन्ही हात मांड्यांखाली. मी म्हटलं, बाबा, आत जा, बसायच्या खोलीत चांगलं गरम आहे, कॉफीचं यंत्र आहे. म्हणाले, मी इथं बरा. मी म्हटलं, वायपर तुमच्या पिशवीत आहेत, चाकांच्या टोप्या कुणी चोरत नाही, गाडी कुठे जात नाही. म्हणाले, "जावईबापू, कॉफी तुम्ही प्या."

इंजिन चालू ठेवायला तिथला रखवालदार देत नाही, धूर वॉर्डाच्या खिडकीत जातो. त्यामुळे गाडी आतून गोठते. खिडकीच्या काचेला आतल्या बाजूनं बर्फ धरला होता. मी स्टिअरिंगखाली डोकं घालून फ्यूजपेटीपाशी थोडंफार केलं, मग बोटं चालेनात म्हणून आत जाऊन तीन कॉफ्या प्यायलो. खिडकीतून पाहिलं तर म्हातारा हलत नाही. अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा बसलेला, आणि खोकतोय. माणसानं गाडीची इतकी राखण करावी? नेवेनाला सांगितलं तर ती म्हणाली की बाबा पहिल्यापासून असेच.

सासूबाई बाहेर आल्या तेव्हा आणखी मजा. सासरे दार उघडून वळसा घालून यायचं सोडून आतल्या आत गिअरच्या दांड्यावरून पलीकडे सरकले. या वयात. पाय अडकला, टोपी पडली. मी म्हटलं, दार कशासाठी असतं? "दार उघडलं की गार हवा येते," म्हणाले. सासूबाई दाराशी पोचेपर्यंत त्यांनी दार उघडू दिलं नाही.

त्या बसल्या आणि दोन्ही तळवे सीटवर टेकवून डोळे मिटले. ओठ निळे पडले होते. मी मागून विचारलं, फार गार आहे का हो सीट? "सीटबद्दल माझी तक्रारच नाही," म्हणाल्या. मग तक्रार कशाबद्दल आहे? मी या सीटपायी दुकान बंद ठेवलंय, कंगवा मोडलाय, पाद्र्यासमोर शोभा झालीय. या घरातली माणसं सरळ बोलत का नाहीत, मला कळत नाही.

१२ जानेवारी

झालं. चालतंय. नवी वायर, गांचोनं सांगितलेल्या वाटेनं, जागोजागी कापडी पट्टीनं बांधलेली, म्हणजे खडखडणार नाही. तुटलेली क्लिप सासऱ्यांनी डिंक लावून आणि वर दोरा गुंडाळून जोडून ठेवली होती, ती गुपचूप माझ्या हातावर ठेवली.

त्यानंतर तपासणी. टॉर्च घेऊन सासरे अर्धा तास गाडीत. गुडघ्यावर बसून, मग आडवे होऊन. सीटच्या खाली, लोखंडी पट्टीच्या मागे, एक इंच वायर त्यांना दिसली. मी म्हटलं, ही फक्त मांजराला दिसेल. म्हणाले, मांजर चढतं कधीकधी. पुन्हा गालिचा उचलला, पुन्हा दडपली.

सासूबाईंना बसवून दाखवलं. चावी फिरवली, बटण दाबलं, पाच मिनिटांत गादी गरम. त्यांनी हात लावून पाहिलं आणि विचारलं, "चावी काढल्यावर पण चालतं ना?"

नाही म्हटलं. आणि तेच बरोबर आहे, गांचो म्हणतो, नाहीतर चुकून चालू राहील. त्या "असं" म्हणाल्या आणि उतरून घरात गेल्या. कौतुकाचा एक शब्द नाही.

१४ जानेवारी

पहिली फेरी. मी आणि नेवेना संध्याकाळी दारातच वाट बघत उभे. सासूबाई उतरल्या. कसं वाटलं? "गरम होतं. बरं आहे." एवढंच. जेवताना नेवेनानं भीत भीत विचारलं, मग आता पुढेही जाल ना, आई? त्या म्हणाल्या, मी सांगितलंय, जानेवारी संपेपर्यंत. सासरे मध्येच उठून बाहेर गेले, खोकला आवरेना म्हणून.

मी ताटावरून उठलो. नेवेना मागे आली आणि म्हणाली, तू नीट बसवलं नसशील, मध्येच बंद पडत असेल. मग आमचं जोरात भांडण झालं. मी तिला नको ते बोललो, तुझ्या आईला जगायचंच नाही, असं बोललो.  बोलायला नको होतं, पण मला तसंच वाटतं. ज्याला तहान नाही त्याला विहीर खणून काय उपयोग?

१७ जानेवारी

आज सासूबाई दुकानात आल्या. कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. रस्त्यावर बर्फ, हातात काठी, चर्चपासून चालत. गिऱ्हाईक नव्हतं. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, कानावरचे जरा काप.

फार विरळ झालेत केस. मानेची हाडं हाताला लागत होती. मी कापत होतो आणि त्या आरशातून माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "यावोर, ती गादी चावी काढल्यावरही चालू राहायला हवी. चार तास."

मी म्हटलं, चार तास तर तुम्ही आत असता, तुम्हाला काय करायचंय? गाडी आधीच गरम हवी असेल तर दहा मिनिटं आधी लावली तरी पुरे.

"तू मला शहाणपण शिकवू नकोस. होतं की नाही, ते सांग."

होतं, म्हटलं, पण सगळ्या पट्ट्या पुन्हा काढाव्या लागतील. काढ म्हणाल्या. आणि वर, म्हाताऱ्याला आताच सांगू नको, तो नाही म्हणेल, मी सांगेन त्याला. मी कात्री खाली ठेवली. विचारलं, हे करून दिलं तर फेब्रुवारीत जाल?

मानेवरचे केस झटकले. "बघू," म्हणाल्या.

तीन आठवड्यांत नाही सोडून दुसरा शब्द आज पहिल्यांदा निघाला. त्यांना काय हवंय ते माझ्या डोक्यात शिरत नाही. पण त्या 'बघू'साठी मी अख्खी गाडी उलगडून ठेवीन.

२६ जानेवारी

मागचा रविवार आणि हा रविवार, दोन्ही त्या गाडीखाली गेले. सासऱ्यांना सांगितलं की जोड ढिला झालाय. संशयानं बघत होते. कंगवा क्रमांक तीन वापरात आहे. मागच्या रविवारी ज्या वायरीला कायम वीज आहे असं मी धरून चाललो ती सिगारेट पेटवायच्या भोकाची निघाली, आणि ती चावीवरच चालते. म्हणजे जोडलं, बंद केलं, तपासलं, पुन्हा तेच. डोकं आपटावंसं वाटलं, आणि आपटलंही, हातब्रेकवर.

आज सरळ बॅटरीवरून वेगळी वायर आत घेतली, मध्ये फ्यूज टाकून. चावी असो नसो, बटण दाबलं की गरम. गांचो म्हणाला, सांभाळ, विसरलात तर बॅटरी झोपेल. मी म्हटलं, म्हातारीला निघायच्या आधी दहा मिनिटं सीट तापवून हवीय, बाकी काही नाही.

वायर एक सूतसुद्धा दिसत नाही. आज सासऱ्यांनाही सापडली नाही. टॉर्च बंद करताना तोंड जरा वाकडं झालं त्यांचं.

२८ जानेवारी

दुपारी फोन वाजला. सासऱ्यांचा. त्यांनी मला आजवर कधीच फोन केलेला नाही. "गाडी सुरू होत नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

खुर्चीत तेलाच्या घाण्याचा मालक होता, अर्धं डोकं झालेला. त्याला टोपी घालून बाहेर काढलं, दुकान बंद केलं, गांचोला घेतलं, जोडवायरी घेतल्या आणि पळालो.

गाब्रोवोला पोचलो तेव्हा बर्फ पडत होता. बॉनेट उघडं, शेजारी सासरे बिनटोपीचे उभे. टोपी सासूबाईंच्या डोक्यावर. त्या आत सीटवर, घोंगडी गळ्यापर्यंत. बॅटरी ठार झोपलेली. मी डॅशबोर्डखाली हात घातला तर बटण चालूच.

माझं डोकं फिरलं. मी भर रस्त्यात ओरडलो. चार तास चालू ठेवलं? कुणी? महिनाभर मी गालिच्याखाली लोळलो ते काय यासाठी? रिकामी सीट तापवत बसला होता का तुम्ही? आता आईला थंडीत इथे अडकवलंत, हे कळतं का?  सासरे वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे बुटाकडे बघत राहिले.

काच खाली झाली.

"त्याला ओरडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मी लावायला सांगितलं होतं. लावलं नाहीस तर मी आत जात नाही म्हटलं."

"पण तुम्ही तर आत होता!"

"तो बाहेर होता ना."

मला अजूनही उमगत नव्हतं. गांचोला उमगलं असावं, कारण तो हातातल्या जोडवायरींशी उगाच खेळायला लागला.

"माझी सीट इतके दिवस कोण गरम करत होतं, तुला काय वाटलं?" त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरपासून हा इथं बसतो. मी आत गरम खोलीत, दोन-दोन पांघरुणं घेऊन. हा इथं माझी जागा उबवतो आणि खोकतो. नको म्हटलं, ऐकत नाही. ओरडले, ऐकत नाही. मग मी म्हटलं, जाऊ दे, मीच येणं थांबवते. मी आले नाही तर हा तरी घरात बसेल."

सासरे माझ्याकडे वळले. मला पटवून द्यावं तसं म्हणाले, "बाहेर आल्यावर तिला हुडहुडी भरते. सीट गार असली की जास्त भरते. मी बघितलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी खिडकीतून मी हेच बघितलं होतं, कॉफी पीत. आणि मला तो वायपरची राखण करताना दिसला. मी वायरी लावल्या. गांचोनं त्याचं इंजिन चालू केलं. तिसऱ्या वेळेला गाडी सुरू झाली. मी माझी टोपी सासऱ्यांच्या डोक्यावर ठेवली, ती त्यांनी काढली नाही.

निघताना काचेशी वाकून विचारलं, "आई, फेब्रुवारीत?"

"आधी बॅटरीचं बघ," म्हणाल्या.

२ फेब्रुवारी

सासूबाई गुरुवारी गेल्या. काल शनिवारीही गेल्या, आणि काल फेब्रुवारी होता. कुणी तो विषय काढला नाही. नेवेनानं काढू नको म्हणून टेबलाखाली माझा पाय दाबला. १४ तारखेला बोललो त्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, तू मूर्ख आहेस, पण कामाचा.

आज दुसरी बॅटरी बसवली, डिकीत, फक्त गादीसाठी. ती झोपली तरी गाडी सुरू होईल. त्यासाठी वायर डिकीतून मागच्या सीटखालून पुढे आणायची, आणि मागची सीट उचलायला तिचं प्लास्टिक आड येतं. मी सासऱ्यांना काही विचारलं नाही. लाटणं घेऊन मागच्या फटीतून ढोसत बसलो, जमेना, कुणाला तरी शिव्या देत होतो.

सासरे द्राक्षवेल छाटायचा चाकू घेऊन आले. मला वाटलं, माझ्यासाठी आणला. त्यांनी मला बाजूला केलं आणि मागच्या सीटचं प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलं. मग पुढचं. सासूबाईंच्या सीटचं सगळ्यात शेवटी, सावकाश, खालच्या कापडाला न लागता. आतलं कापड तपकिरी आहे, बारीक रेघांचं. या घरात कुणीच ते आजवर पाहिलेलं नव्हतं.

"बसलं की कुरकुरतं ते," म्हणाले. "आणि गारही लागतं."

प्लास्टिकची गुंडाळी सासूबाईंनी जिरेनियमच्या कुंड्या झाकायला नेली. मला वाटलं, आता म्हातारा बदलला. तेवढ्यात टॉर्च घेऊन मागच्या सीटखाली शिरले आणि म्हणाले, जावईबापू, इथं दिसतेय. आता ती डिकीतली बॅटरी रोज घरात येते. चार्जर लावून कपाटापाशी ठेवतात, वायपरच्या खाली.

१ मार्च

मार्ता आजीचा दिवस, थंडीला निरोप द्यायचा सण. सकाळी सासूबाईंनी सगळ्यांच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला. नेवेनाच्या, माझ्या, मांजराच्या गळ्यात, फाटकाला. करकोचा दिसेपर्यंत सोडायचा नाही असं दरवर्षीप्रमाणे बजावलं. सासऱ्यांच्या मनगटावर दोन बांधले, खोकल्यासाठी एक जास्त. खोकला पुष्कळ कमी आहे.

आज शनिवार, म्हणजे फेरी. मी गाडीपर्यंत बॅटरी उचलून नेली, ती जड आहे. सासूबाई आधीच सीटवर बसून डॅशबोर्डखाली काहीतरी करत होत्या. वाकून पाहिलं तर त्यांनी माझ्या बटणाला लाल-पांढरा गोंडा बांधलेला. चांगला वीतभर लोंबणारा, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल असा.

मी म्हटलं, अहो आई, ते बटण सापडू नये म्हणून मी महिना घालवलाय.

"त्यालाच सापडत नाही," म्हणाल्या. "चष्मा लावत नाही, चाचपत बसतो. आता गोंडा ओढला की झालं."

सासरे गाडीला वळसा घालून आले, वायपर लावले, हात पुसले, आत वाकून गोंड्याकडे बघितलं. मी वाट बघत होतो की आता बोलतील.  टोक गालिच्याला टेकत होतं तेवढं जरा वर गुंडाळलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

गाडी फाटकाबाहेर गेली आणि थांबली. काच खाली झाली. मी धावलो, मला वाटलं औषधाची पिशवी राहिली.

"यावोर," सासूबाई म्हणाल्या, "जुलैत ती गाडी भट्टी होते. हा काही तिथून उठणार नाही. याच्यासाठी पंखा बसवता येईल का?"

 जुलै म्हणाल्या होत्या.

"येईल," म्हटलं. 

सासरे पुढे बघत गिअर टाकत होते. "वायर दिसता कामा नये," म्हणाले, आणि गेले. आता पुन्हा सगळ्या पट्ट्या काढणं आलं. येताना बाजारातून अर्धा डझन कंगवे घेऊन आलो.